पुठ्ठ्यावरचे फोटो आणि घरचे फोटो

आपल्या जुन्या पेट्यांत दोन प्रकारचे फोटो सापडतात. एक जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचे नाव छापलेला. दुसरा लहान, चौकोनी, पांढऱ्या किनारीचा. दोन्ही नीट वाचता आले पाहिजेत.

स्टुडिओत फोटो काढणे हा मोठा प्रसंग असे. लग्न झाले किंवा मुलगा एडनला नोकरीस निघाला की घरची मंडळी ठेवणीतले कपडे घालून जात. मागे रंगवलेला पडदा, वडीलधारी खुर्च्यांवर, मुले पुढे. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली शिरून "हलू नका" म्हणे. काच उजेड सावकाश टिपत असे, म्हणून सगळे ताठ बसलेले दिसतात. मागाहून काचेवर पेन्सिल फिरवून सुरकुत्याही पुसल्या जात. आपण जगाला कसे दिसावे, ते या फोटोंत आहे.

ईस्टमन यांनी 1888 साली रोल फिल्मचा कोडॅक आणला. 1900 साली एक डॉलरचा ब्राउनी आला. आपल्या साध्या घरांत कॅमेरा बराच उशिरा शिरला. पुढे बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री पुष्कळांना परवडला. एका रोलवर 12 फोटो. सूर्य पाठीशी ठेवायचा आणि बटण दाबायचे. मग ओटीवर भाजी निवडणारी आजी, मलिद्याचे ताट, बंदरावरचा निरोप हे सारे फोटोंत आले.

मात्र या फोटोंतही उणिवा आहेत. कॅमेरा बहुधा वडिलांच्या हातात, म्हणून वडीलच गायब. शब्बाथला कॅमेरा बंद, म्हणून किद्दुशचे टेबल कुठेच नाही. ते सांगायला माणसेच हवीत.

आणि माणसे कमी होत आहेत. पुठ्ठ्यावरच्या फोटोला निदान स्टुडिओचे नाव आणि गाव असते. घरच्या फोटोमागे बहुधा काहीच नसते. मऊ पेन्सिलीने मागे नाव, नाते, गाव व साल लिहावे. शाई पुढे उमटते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो जपून काढावेत. 1970च्या सुमाराचे रंगीत फोटो आधी स्कॅन करावेत. ते काळ्या-पांढऱ्यांपेक्षा लवकर विटतात.

या शब्बाथनंतर अल्बम घेऊन घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसू या. नातवंडांना मराठी वाचता येत नसेल, तर नाव हिब्रूतही लिहू या.