थांबत थांबत चालणारं चित्र

२००३ सालच्या सिंहस्थात माझ्या वडिलांनी रामकुंडाच्या परिसरात हातातल्या कॅमेऱ्यावर बरंच चित्रण केलं होतं. कॅमेरा धरून ते मागून बोलतही असत : हा घाट, हा गाडगे महाराज पूल, पाणी आज किती चढलंय बघा. वडील आता नाहीत. त्यांच्या तासातासाच्या चार कॅसेट मात्र राहिल्या. एका एप्रिलमध्ये मी त्या संगणकात उतरवून घेतल्या, घरातल्या जुन्या संगणकाचाच मीडिया सर्व्हर केला आणि आईला टीव्हीसमोर बसवलं. दर थोड्या वेळानं चित्र थांबायचं आणि पडद्यावर गोल चकती फिरत राहायची. आई म्हणाली, "अरे, त्यांचं एक वाक्य तरी पुरं ऐकू दे."

अनेक घरांत हा अनुभव येतो. आपण इंटरनेटला दोष देतो, टीव्ही जुना झाला म्हणतो, कधीकधी नवा घेऊनही टाकतो. खरं कारण बहुधा वेगळंच असतं.

मीडिया सर्व्हर म्हणजे घरातली चित्रं, गाणी एका संगणकावर ठेवून तिथून टीव्ही-मोबाइलला पुरवण्याची सोय. फाइल ज्या पद्धतीनं साठवली आहे ती टीव्हीला कळत असेल, तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो. याला फारशी मेहनत पडत नाही. पद्धत कळत नसेल, तर सर्व्हर प्रत्येक चित्र उलगडतो आणि टीव्हीला कळेल अशा पद्धतीनं पुन्हा बांधतो. हेच ट्रान्सकोडिंग. पहिला प्रकार डब्यातलं जेवण वाढण्याचा, दुसरा पंगत बसल्यावर पोळ्या लाटायला घेण्याचा.

आपल्याकडच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांत सेकंदाला २५ चित्रं असत. माझा सर्व्हर सेकंदाला १८ चित्रं तयार करत होता. आता हिशेब पाहा. मिनिटाला हवीत १५००, तयार होतात १०८०. तूट ४२० चित्रांची, म्हणजे जवळजवळ १७ सेकंदांची. तेवढा वेळ टीव्ही थांबणारच!

मग शोध कसा घ्यायचा? पहिली गोष्ट, चित्र चालू असताना सर्व्हरचं नियंत्रण-पान उघडा. फाइल थेट जाते आहे की ट्रान्सकोडिंग होतं आहे, आणि होत असेल तर का, हे बहुतेक सर्व्हर तिथं सांगतात. कधी कारण अगदी साधं निघतं. टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये दर्जा 'कमी' ठेवलेला असतो, म्हणून सर्व्हर उगाच राबतो. कधी सबटायटल चित्रात मिसळावी लागतात आणि तेवढ्यासाठी अख्खं चित्र नव्यानं बांधावं लागतं. ती बंद करून पाहा.

दुसरी गोष्ट, वेग. सेकंदाला होणारी चित्रं मूळ चित्रांपेक्षा जास्त असतील आणि तरीही अडखळत असेल, तर दोष वाटेतला, म्हणजे वाय-फायचा. तात्पुरती केबल लावली की खात्री पटते. मी लावली. काही फरक पडला नाही. म्हणजे दोष संगणकातच होता.

तिसरी गोष्ट, उष्णता. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या, पंख्यावर धूळ साचलेल्या संगणकाचं हेच होतं. धूळ झाडली, कपाटाचं दार उघडं ठेवलं, तर माझा आकडा १८ वरून २१ वर आला. पण २५ काही झाला नाही.

चौथी गोष्ट, मदतनीस. व्हिडिओ बांधण्यासाठी अनेक प्रोसेसरांत खास वेगळा भाग असतो. इंटेलनं २०११ मध्ये आणलेला 'क्विक सिंक' हा त्यातलाच. तो असूनही सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सुरू केलेला नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. मात्र नवं यंत्र म्हणजे ही सोय असणारच असं समजू नका. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६४ पद्धतीनं व्हिडिओ बांधणारा असा भाग नाही. माझ्या जुन्या संगणकातही तो नव्हता.

मग उपाय? पंगतीच्या आधीच स्वयंपाक करून ठेवायचा! बहुतेक टीव्हींना कळणाऱ्या एच.२६४ पद्धतीत फाइल एकदाच बदलून घ्यायची. सेकंदाला २१ चित्रं या वेगानं एका तासाच्या कॅसेटला सुमारे ७१ मिनिटं लागतात. चारही कॅसेटना पाच तास पुरतात. रात्री लावून झोपलो, सकाळी काम झालेलं होतं. मूळ फाइल तासाला सुमारे १३ जीबी होती, नवी दोन-सव्वादोन जीबीची झाली.

इथं एक सावधगिरी. नवी फाइल झाली म्हणून मूळ पुसू नका. बदलताना थोडा तपशील कायमचा जातो, आणि तो पुन्हा आणता येत नाही. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, जमल्यास एक दुसऱ्या घरी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशिकला अखेरचा श्वास घेतलेल्या दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज आपल्याकडे पूर्ण उरलेला नाही, त्याचा काही भागच शिल्लक आहे. जिथं एवढ्या मोठ्या ठेव्याचं असं झालं, तिथं आपल्या कपाटातल्या कॅसेटचं काय सांगावं?

त्या दिवशी संध्याकाळी आईला पुन्हा बसवलं. चित्र एकदाही थांबलं नाही. घाट, पूल, चढलेलं पाणी, सगळं वडिलांच्या आवाजात पुढं सरकत गेलं. तासाभरानं आई म्हणाली, "आता जरा थांबव." डोळे पुसायला तिला तेवढा वेळ हवा होता.