वजनकाट्याला न दिसणारं पोट

खारघरच्या सेंट्रल पार्कात सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत हातपाय सडपातळ, पण पोट सुटलेलं, अशी माणसं बरीच दिसतात. वजनकाटा त्यांना बिनबोभाट पास करतो.

2004 मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, एकच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2! आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. यकृतात चरबी साचली की यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आणि मधुमेह, हृदयविकार यांना आयती वाट मिळते. लठ्ठपणाचा 13 प्रकारच्या कर्करोगांशी संबंध आहे, हे मात्र टाटा स्मारकचं ‘अॅक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र दाराशी असलेल्या खारघरातही फार कुणी बोलत नाही.

म्हणून शिंप्याची टेप घ्या. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजा. पुरुषांनी 90, स्त्रियांनी 80 सेंटिमीटर ओलांडले असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. नुसत्या चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून दोनदा वजनं उचला. आणि फेरीनंतरचा वडापाव रविवारपुरताच ठेवा.