गाडीचा ताप

मे महिन्यात अकोल्याहून कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या दर्शनाला निघालात, पारा पंचेचाळिशीकडे आहे आणि गाडीचा तापमान-काटा लाल रेघेला टेकलाय. अशा वेळी काय करावं?

आधी कारण समजून घेऊ. इंधनाच्या ऊर्जेतला जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाकांना मिळतो. उरलेल्या ऊर्जेची बहुतेक उष्णताच होते. तिचा बराच भाग कूलंट रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून शंभर अंशांपुढेही आतला द्रव उकळत नाही. मात्र गरम असताना झाकण उघडलं, की दाब सुटतो आणि उकळता फवारा थेट अंगावर येतो. झाकणाला मुळीच हात लावू नका.

गाडी सावलीत थांबवा, इंजिन बंद करा, पूर्ण निवू द्या. मग क्रमाने पाहा. कूलंटच्या टाकीतली पातळी उतरली असेल तर गळती शोधा. इंजिन तापूनही पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर तपासा. इंजिन तापलेलं असूनही रेडिएटरचा खालचा पाइप गारच राहत असेल, तर थर्मोस्टॅट अडकल्याची शंका घ्या. तेल दुधाळ दिसलं, तर हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी; गाडी चालवू नका, ती ओढूनच गॅरेजला न्या.

आणखी एक. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये भरू नका. क्षारांचा थर बारीक नळ्या बुजवतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा.