कांद्याचा भाव पाहिला, मग जाहिरातीही कांद्याच्याच का?

घोडेगावच्या बाजारातला कांद्याचा भाव मोबाइलवर पाहिला, की थोड्याच वेळात कांदा बियाणं, ठिबक, ट्रॅक्टर कर्जाच्या जाहिराती मागे लागतात. फोन आपलं बोलणं ऐकतो, असं अनेकांना वाटतं. खरं तर त्याची गरजच नसते. तुम्ही काय उघडलं, कुठे थांबलात, कोणत्या गावात आहात, एवढ्यावरून एआय तुमची आवड ताडतं.

मग खासगी माहिती न देता कामाचं तेवढं मिळेल का? मिळू शकतं. गुगलच्या कीबोर्डमध्ये २०१७ पासून आलेली ‘फेडरेटेड लर्निंग’ पद्धत पाहा. यात एआय फोनमध्येच शिकतं. टाइप केलेला मजकूर तिथंच राहतो. सर्व्हरकडे जातो तो फक्त शिकण्यातला बदल, तोही इतर अनेक फोनच्या बदलांत मिसळून.

पावसाच्या अंदाजाला राहुरी की पारनेर एवढं कळलं तरी पुरतं, शेताचा बांध कशाला हवा? अँड्रॉइड १२ पासून लोकेशनची परवानगी देताना ‘अंदाजे’ हा पर्याय निवडता येतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मात्र कंपन्यांना बहुतांश तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर कोणत्या ॲपला काय दिलंय, हे सेटिंगमध्ये जाऊन आपणच पाहायचं.