रंधा, भुसा आणि संसार

निवृत्त गृहस्थाने वेळ कसा घालवावा, याविषयी आमच्या साताऱ्यात सल्ल्यांचा तुटवडा नाही. मी मागच्या पडवीत सुतारशाळा थाटली. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार, आणि सौ.ला दम्याचा विकार. तेव्हा भुशाचा कणही उंबऱ्याच्या आत येता कामा नये, ही तिची अट. ती पाळताना जे उमगले, ते हौशी वाचकांपुढे ठेवतो.

खरी अडचण अशी की धूळ, उष्मा आणि ओल या तिघांवरचे उपाय एकमेकांशी भांडतात. खिडकी उघडली की धूळ जाते, पण आषाढातली ओल आत शिरते. पंखा लावला की घाम सुकतो, पण भुसा उडतो. पाण्याचा कूलर लावला तर माणूस गार होतो आणि लाकूड फुगते! म्हणून मी क्रम ठरवून टाकला आहे : आधी फुप्फुसे, मग लाकूड आणि शेवटी आपला घाम.

रंध्याखालच्या ढलप्या निरुपद्रवी. त्या खाली पडतात आणि बंबात जातात. घातक असते ती पॉलिशपेपरची पिठासारखी धूळ. ती हवेत बराच वेळ तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणली. म्हणून शक्य तेवढे काम रंध्याने करावे, घासकाम तोंडाला चांगला मास्क लावून अंगणात उरकावे. ते आतच करणे भाग पडले, तर छताचा पंखा बंद ठेवावा, घराकडचे दार लावावे आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा; समोरची फट उघडी हवी, म्हणजे वारा एका बाजूने येऊन दुसरीकडून जातो. काम संपल्यावरही तो पाव तास चालू द्यावा. झाडूऐवजी ओले फडके वापरावे, आणि कामाचे कपडे पडवीतच उतरवावेत.

लाकूड आणि हवा यांचे नाते समजून घ्यायचे तर सांगली जिल्ह्यातील मिरजेला जावे. शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवण्याचा पाया घातला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूरकडचे कडू भोपळे वाळवून त्यांचे तुंबे होतात. तिथे गेलो की मी त्या दुकानांपाशी रेंगाळतो. भोपळा असो वा लाकूड, नीट वाळल्याशिवाय त्याला हत्यार लावणे म्हणजे पुढे तडा ओढवून घेणे!

लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत बदलते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असली की त्यात सुमारे ६ टक्के पाणी राहते. ६५ टक्क्यांना सुमारे १२. फूटभर रुंद सागवानी फळी एवढ्याने दोन-तीन मिलिमीटर फुगते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला खण श्रावणात उघडत नाही, तो यामुळेच. आणलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून खोलीत दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्यात. भिंतीवर आर्द्रतामापक लावावा. भुशाचे ढीग साठू देऊ नयेत. ते ओल धरतात. हत्यारांना तेलाचा हात द्यावा.

राहिला उष्मा. त्यावर कूलरपेक्षा घड्याळ बरे! वैशाखात सकाळी सहा ते दहा काम करावे, दुपारी माप-आखणी करावी.

पावसाळी हवेत चपड्याचे पॉलिश पांढुरके पडते. ते काम राखून ठेवावे दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीसाठी. यंदा माझ्याकडे नातीचा पाट तयार आहे. तुमच्याकडेही एखादी वस्तू मुहूर्ताची वाट पाहत असेलच!