हॅच: माप कागदाचे की भिंतीचे?

नकाशात भिंत कापली की तिच्या पोटात तिरप्या रेघा भरायच्या, काँक्रीट असेल तर ठिपके आणि खडी टाकायची, आणि हे सगळे ड्रॉइंग पुरे होत आल्यावर, शीट प्रिंटला जायच्या आदल्या रात्री उरकायचे, अशी अनेक ऑफिसांत पद्धत पडली आहे. हॅच म्हणजे शेवटचा हात, असा त्यामागचा समज. प्रत्यक्षात हॅच हे विधान असते. इथे वीट आहे, इथे आरसीसी आहे, ही फरशी या कोपऱ्यापासून सुरू होते, असे ते सांगत असते, आणि समोरचा ते खरे धरून कामाला लागतो. एलिव्हेशनमध्ये रेघांची गिचमिड होणे, दोन शीटवर एकच भिंत वेगळी दिसणे, फरशीचे सांधे साइटवर न जुळणे या तक्रारी वरवर वेगवेगळ्या वाटतात. मला त्यांचे मूळ एकच दिसते. पॅटर्नमधल्या दोन रेघांमधले अंतर कागदावर मोजायचे की भिंतीवर, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

आधी पॅटर्न ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण पुष्कळांना ते एक छोटे चित्र वाटते, टाइलसारखे पुन्हा पुन्हा चिकटवलेले. पॅटर्नच्या व्याख्या जिच्यात असतात ती ऑटोकॅडची पॅट फाइल नोटपॅडमध्ये उघडली की हा समज गळून पडतो. मेट्रिक फाइलमधल्या एएनएसआय३१ या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या हॅचची व्याख्या नावाच्या ओळीखाली एका ओळीत संपते: ४५, ०,०, ०,३.१७५. रेघेचा कोन ४५ अंश, सुरुवात शून्य-शून्य या बिंदूतून, पुढची रेघ स्वतःच्या दिशेने न सरकता ३.१७५ मिमी बाजूला. बस. पुढे आकडे असतील तर ते तुटक रेघेचे: धन आकडा म्हणजे पेन खाली, ऋण म्हणजे पेन वर, शून्य म्हणजे ठिपका. म्हणजे पॅटर्न हा अनंत सरळ रेघांचा नियम आहे, आणि बंद आकृती त्या रेघांना फक्त कापते. या नियमात वक्ररेषेला जागाच नाही. कौलाची गोलाई किंवा खडीचा दगड दाखवायचा तर तो बारीक सरळ तुकड्यांनीच भासवावा लागतो. ऑटोकॅड कधीकधी अंतर फार दाट असल्याचे सांगून हॅच मारायला नकार देते, तेव्हा अनेक जण संगणक जुना झाला म्हणून हळहळतात. संगणक बहुधा ठीक असतो. मिलिमीटरमध्ये काढलेल्या शंभर मीटरच्या प्लॉटवर ३.१७५ मिमी अंतराच्या रेघा मागितल्या तर त्या हजारोंच्या घरात जाणारच.

आता मुख्य प्रश्न. रेव्हिटमध्ये पॅटर्न दोन जातींचे असतात, ड्रॉफ्टिंग आणि मॉडेल. ड्रॉफ्टिंग पॅटर्नचे अंतर कागदावरचे असते. व्ह्यू १:५० असो की १:२००, शीटवर रेघा तितक्याच अंतरावर राहतात. मॉडेल पॅटर्नचे अंतर इमारतीवरचे असते. तो भिंतीला किंवा फरशीला चिकटलेला असतो, सरकवता येतो, फिरवता येतो आणि व्ह्यूच्या स्केलप्रमाणे लहानमोठा दिसतो. आर्किकॅडमध्येही रेघांचा प्रत्येक फिल कागदाच्या मापाचा की मॉडेलच्या मापाचा, हे ठरवून द्यावे लागते. ऑटोकॅडमध्ये अॅनोटेटिव्ह आणि साधा हॅच हा भेद जवळपास तोच. वेगवेगळ्या कंपन्या एकाच फाट्यावर येऊन थांबल्या असतील, तर तो फाटा सॉफ्टवेअरचा हट्ट नसून ड्रॉइंगच्या कामातूनच आलेला आहे, असे मानायला हरकत नाही.

मॉडेल पॅटर्न चुकला तर काय होते, ते एका उदाहरणात स्पष्ट दिसते. ऑटोकॅडबरोबर येणारा एआर-बी८१६ हा ब्लॉकचा पॅटर्न ८ बाय १६ इंची अमेरिकन ब्लॉकसाठी आहे, म्हणजे मेट्रिकमध्ये एक थर २०३.२ मिमीचा. आपल्याकडे काँक्रीट ब्लॉकचा थर सांध्यासकट २०० मिमी धरतात. फरक ३.२ मिमी, डोळ्याला न दिसणारा. पण तीन मीटर उंचीत १५ थर बसतात, आणि पंधराव्या थराला ड्रॉइंग ४८ मिमीने पुढे गेलेले असते. एलिव्हेशनमध्ये सांध्याच्या रेघा पाहून कुणी लिंटेलची पातळी ठरवली, तर गवंड्याला ब्लॉक तासावा लागतो. दोष त्याच्या थापीवर जातो आणि मूळ मात्र पॅट फाइलमध्ये असते.

यावर नेहमीचे उत्तर असे की, हॅचचा स्केल बदलला की झाले, एवढा काथ्याकूट कशाला? एकच व्ह्यू एकाच स्केलला छापायचा असेल तर हे चालते, नाकारण्यात अर्थ नाही. पण तीच भिंत प्लॅनमध्ये १:१०० ला आणि डिटेलमध्ये १:२० ला दिसणार असेल, तर एका आकड्याने दोन्ही साधत नाहीत. ९ इंची भिंत १:१०० ला कागदावर २.३ मिमी जाड असते. तिच्यात ड्रॉफ्टिंग पॅटर्नच्या ३.१७५ मिमी अंतराच्या रेघा विरळ, जवळजवळ चुकून पडल्यासारख्या दिसतात. १:२० ला तीच भिंत साडेअकरा मिमीची होते आणि तेच अंतर शोभून दिसते. मॉडेल पॅटर्नचे दुखणे उलट दिशेचे आहे. सांध्यासकट १०० मिमी उंचीचा विटेचा थर १:२० ला ५ मिमी, १:५० ला २ मिमी, आणि १:२०० ला अर्धा मिमी. त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये वीट दिसत नाही, नुसता करडा डाग दिसतो. त्यात साइटवर जाणारी प्रत बहुतेक वेळा ए१ ची ए३ करून नेलेली असते, म्हणजे सगळी अंतरे निम्मी. ड्रॉफ्टिंग पॅटर्न कागदावर कायम राहतो हे वचन शीटपुरते आहे, झेरॉक्सवाल्यापुरते नाही. म्हणून अंतर निवडताना निम्म्या आकाराची एक प्रिंट काढून पाहणे शहाणपणाचे.

दुसरा पक्का रुजलेला गैरसमज म्हणजे पॅटर्नवरून टाइल मोजता येतात. ३.३ बाय ४.५ मीटरच्या खोलीत ६०० मिमीचा चौकडा कोपऱ्यापासून लावला तर स्क्रीनवर ४८ चौकोन दिसतात, पूर्ण आणि कापलेले मिळून. क्षेत्रफळाने भागाकार केला तर ४२ येतात. कापलेला अर्धा तुकडा दुसऱ्या कडेला वापरता येतो, म्हणून ४२ अधिक तूटफूट हा आकडा साइटच्या जवळचा. पण सॉफ्टवेअरला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या लेखी तिथे एक सलग फरशी आहे आणि तिच्यावर रेघा आहेत. शेड्यूलमध्ये क्षेत्रफळ येईल, नग येणार नाहीत. नग हवे असतील तर फरशीचे खरे तुकडे पाडावे लागतात, म्हणजे रेव्हिटमध्ये पार्ट्स वापरावे लागतात. पॅटर्नचे खरे काम वेगळे आहे. सुरुवातीचा बिंदू सरकवून, कापलेला तुकडा दारासमोर येणार की पलंगामागे जाणार, हे तो दाखवतो. गंमत अशी की नग मोजायला पॅटर्न वापरणारे हा बिंदू मात्र क्वचितच हलवतात.

मटेरियलचा रेंडर आणि हॅच एकच, हा समज लवकर निकालात निघतो. रेव्हिटमध्ये मटेरियलच्या ग्राफिक्स टॅबवर हॅच असतो आणि अपिअरन्स टॅबवर ग्रॅनाइटचा फोटो. एक बदलल्याने दुसरे आपोआप बदलत नाही. कट पॅटर्नला तर फक्त ड्रॉफ्टिंग जात चालते. कापलेल्या भिंतीत खऱ्या विटा का दिसत नाहीत, ही तक्रार इथूनच येते, पण मला ती निवड बरोबर वाटते. सेक्शनमध्ये सांगायचे असते ते मटेरियल कोणते, विटा किती ते नाही.

तिरपी रेघ म्हणजे वीट, हे जगभर ठरलेले आहे असेही धरले जाते. एएनएसआय३१ च्या फाइलमधल्या वर्णनातच लोखंड, वीट आणि दगडी बांधकाम अशी तीन नावे शेजारी शेजारी आहेत. मंजुरीच्या नकाशांत तर अर्थ रंगाकडे सरकतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या तक्त्यात पाडायच्या कामाला पिवळा हॅच आहे आणि नव्या कामाला लाल भरीव रंग. तिथे रेघेचा कोन कुणी पाहत नाही. त्यामुळे शीटवर लिजंड नसलेला हॅच अपुराच. यावर काही जण म्हणतात की मग सगळे पॅटर्न काढून भिंती करड्या रंगाने भरून टाकू. लहान स्केलला मी त्यांच्या बाजूचा आहे. जाँबातिस्ता नोल्लीच्या १७४८ च्या रोमच्या नकाशात खाजगी इमारती गडद आणि चर्चचे अंतर्भाग रस्त्यांसारखेच मोकळे ठेवलेले आहेत. वीट, दगड, चुना असा कुठलाही भेद न करता तो नकाशा शहरातली सार्वजनिक जागा नेमकी दाखवतो. पण खिडकीच्या १:१० डिटेलमध्ये वीट, प्लास्टर, लाकूड आणि वॉटरप्रूफिंग एकाच करड्या रंगात भरले तर सुतार आणि गवंडी दोघेही फोन करणार.

राहिली व्यवस्था. पॅटर्न जास्त असणे म्हणजे ऑफिस सज्ज असणे, असे मुळीच नाही. बाहेरून आणलेल्या फायलींबरोबर ब्रिक, ब्रिक१, ब्रिक-न्यू अशी पिलावळ येते, आणि सहा महिन्यांनी कुठला खरा हे कुणालाच सांगता येत नाही. नावात जात, मटेरियल आणि माप असावे: ‘मॉडेल-ब्लॉक-४००×२००’ वाचल्यावर उघडून पाहावे लागत नाही. यादी टेम्प्लेटमध्ये असावी आणि ती बदलायचा अधिकार एकाकडेच असावा. पॅट फाइल नसलेल्या संगणकावर हॅच दिसणारच नाही, ही भीती मात्र अनाठायी आहे. ऑटोकॅड हॅचची व्याख्या ड्रॉइंगमध्येच साठवते. सल्लागाराला तो दिसतो, पण नव्या जागी तोच मारायला त्याला फाइल लागते. तेव्हा ती ड्रॉइंगबरोबर पाठवावी. आणि स्वतः लिहिलेली असेल तर शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेला आहे ना, ते पाहावे. तो नसला तर शेवटची ओळ वाचली जात नाही आणि तिच्यातल्या रेघा पॅटर्नमधून गायब होतात.