तेलाचा डबा आणि दोन पाइप

भारतात विकली गेलेली अबार्थ पुंटो ही गाडी आपल्या रांजणगावची. पुणे-नगर रस्त्यावरच्या फियाटच्या कारखान्यात ती तयार झाली. 1368 सीसीचे टर्बो इंजिन आणि 145 अश्वशक्ती असा तिचा ऐवज. 2015 साली ती बाजारात आली तेव्हा एवढी ताकद असलेली छोटी गाडी भारतात विरळाच होती. तशीच एक पुंटो चंदिगढच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात बोनेट उघडून उभी होती. तिचा तरुण मालक ती ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पळवतो. तिला ऑइल कॅच कॅन बसवायचा होता, आणि ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहण्याची परवानगी मला मिळाली.

हा कॅन म्हणजे तेल अडवणारा एक छोटा डबा. पिस्टनच्या रिंगा कितीही नीट बसल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. टर्बोच्या इंजिनात सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून हा वायूही जास्त. तो बाहेर काढला नाही तर तो ऑइल सीलमधून वाट काढतो. पूर्वी एक नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असायची. लॉस एंजलिसच्या धुरक्याने लोक हैराण झाले, तेव्हा 1961 पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत हा वायू पुन्हा इंजिनातच जाळायची सोय झाली. तीच पद्धत आज सगळीकडे आहे. पण वायूबरोबर तेलाचे बारीक तुषारही जातात. ते टर्बोतून इंटरकूलरमध्ये पोचतात, आतून तेलाचा थर धरतो आणि हवा थंड करण्याची त्याची क्षमता घटते. जे तेल पुढे सिलिंडरमध्ये जाते ते पेट्रोलची नॉक, म्हणजे अवेळी पेटणे, टाळण्याची ताकद कमी करते. सर्किटवर तर लांब वळणात तेल सिलिंडर हेडच्या एका बाजूला लोटले जाते, खाली परतायला त्याला सवड मिळत नाही, आणि ते हा वायू बाहेर नेणाऱ्या ब्रीदर पाइपची वाट धरते.

कॅन खोक्यातून बाहेर निघण्याआधी गॅरेजच्या मुख्य मिस्त्रींनी, म्हणजे उस्तादजींनी, चारही स्पार्क प्लग काढायला लावले आणि कॉम्प्रेशन मोजले. मालकाला घाई होती. "पुत्तर, आधी इंजिन बघू," एवढेच ते म्हणाले. चार सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला असता तर त्यांनी डबा बसवायला नकार दिला असता. रिंगा झिजलेल्या इंजिनाला कॅन लावला की इंटरकूलर कोरडा दिसतो आणि दुखणे झाकले जाते. आकडे जवळजवळ सारखे आले. मला हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास वाटला, आणि बहुतेक ठिकाणी तोच गाळला जातो.

मग त्यांनी कॅनचे झाकण उघडून आत टॉर्च मारला. बाजारात दोन तोट्या लावलेले नुसते पोकळ डबेही विकले जातात. त्यात वायू एका तोंडातून शिरतो आणि दुसऱ्यातून तसाच निघून जातो. तेल अडायचे तर आत आडवे पत्रे हवेत आणि स्टेनलेसची विणलेली जाळी हवी, म्हणजे तुषार तिला आपटून थेंब होतात. काही जण स्वस्तात काम व्हावे म्हणून आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. हा भयंकर प्रकार आहे. तिचा एखादा तुकडा सुटला तर तो थेट मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर जाणार.

डब्याची जागा ठरवायलाही वेळ गेला. गरम डब्यात वाफेचे थेंब होत नाहीत, म्हणून एक्झॉस्टपासून लांब, हेडलाइटच्या मागे, वारा लागेल अशी जागा निवडली. तीन मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा ब्रॅकेट बनला. भोके पाडल्यावर प्रत्येकाची धार कानसीने मोडली आणि खाली रबराचे बुश घातले. पाइपासाठी मालकाने निळा चकचकीत सिलिकॉन आणला होता. उस्तादजींनी तो बाजूला ठेवला, कारण साधा सिलिकॉन तेलाने फुगतो आणि पाझरतो. त्यांनी तेल सोसणाऱ्या रबराचा, आत दोऱ्याचे विणकाम असलेला जाड पाइप घेतला. त्याचे भोक मूळ पाइपाएवढेच. अरुंद पाइप लावला तर दाब क्रँककेसमध्येच कोंडतो आणि सील फुटते.

टॅपेट कव्हरवरून टर्बोकडे जाणारा मोठा पाइप तोडून कॅन मधे आला. मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या लहान पाइपातला एकमार्गी व्हॉल्व्ह त्यांनी काढून तोंडाने फुंकून पाहिला. तो गळका असेल तर टर्बोचा दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो. कॅनचे दुसरे तोंड हवेत मोकळे सोडा, म्हणजे टर्बोत तेल जाणारच नाही, असे मालकाचे म्हणणे होते. उस्तादजी ठाम राहिले: गाडी रस्त्यावरही चालते, आणि क्रँककेसचा वायू बाहेर सोडणे आपल्या प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही. शर्यतीतसुद्धा मोकळ्या ब्रीदरला बंधन आहेच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 2000 सीसीपर्यंतच्या इंजिनाला किमान दोन लिटरची आणि त्यावरच्या इंजिनाला तीन लिटरची टाकी लागते, तीही आतले तेल बाहेरून दिसेल अशी. ट्रॅकवर सांडलेले तेल मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

शेवटी इंजिन चालू करून त्यांनी प्रत्येक क्लिपजवळ कान नेला. शिट्टीसारखा आवाज म्हणजे कुठेतरी हवा ओढली जाते आहे. कुठे आवाज नव्हता.

डबा बसवला की त्याची निगाही आली. चंदिगढात डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, जवळच्या फेऱ्यांत, कॅनमध्ये तेलापेक्षा पाणीच जास्त साचते आणि त्याचा दुधट पिवळा लगदा होतो. अशी गाडी थंडीत मनालीला नेली तर ते पाणी पाइपात गोठून वाट बंद करू शकते. म्हणून डोंगरात जाण्याआधी डबा रिकामा करणे सक्तीचे. त्यात तेलाबरोबर पाणी आणि न जळलेले पेट्रोल असते, त्यामुळे ते इंजिनात परत ओतू नये. गटारातही नको, वापरलेल्या तेलाच्या पिंपात टाकावे. दर वेळी किती निघाले हे वहीत लिहून ठेवावे. अचानक जास्त निघू लागले तर रिंगा पाहायची वेळ आली.

पुणे-मुंबई ये-जा करणाऱ्या धडधाकट गाडीला या डब्याची गरज नाही. ट्रॅकवर पळणाऱ्या टर्बो गाडीला तो जरूर लावा, पण आधी कॉम्प्रेशन मोजा आणि डबा तुम्हीच वेळच्या वेळी रिकामा करणार असाल तरच लावा.